नखावर उतरलेली धार

सोमवार, ता. ३

आजपासून मला छंद लागला आहे. लागला म्हणजे लावण्यात आला आहे. काल कन्येचा फोन होता. म्हणाली, "बाबा, दिवसभर आईच्या मागे मागे फिरू नका. ती स्वयंपाकघरात गेली की तुम्ही स्वयंपाकघरात, ती गॅलरीत गेली की तुम्ही गॅलरीत. स्वतःला काहीतरी छंद लावून घ्या." मी म्हणालो, लावून घेतो. कारखान्यात चौतीस वर्षं वरून आलेले हुकूम पाळले, आता खालून येतात तेही पाळतो.

छंद शोधायला हिची जुनी पत्र्याची पेटी उघडली. माझ्या स्वतःच्या कपाटात छंद सापडण्याची आशा नव्हती. पेटीत सासऱ्यांचा वस्तरा निघाला, काळ्या मुठीचा, कापडात गुंडाळलेला. शेजारी धारेचा दगड आणि चामड्याचा पट्टा. सासरे न्हावी होते, बाजारात त्यांचं दोन खुर्च्यांचं दुकान होतं. वस्तऱ्याला गंज नाही, पण धार पार गेलेली. ठरवलं, ह्याला धार लावायची आणि महिनाअखेरीस ह्यानेच दाढी करायची. धार आली की नाही हे ठरवणं तर माझ्या हातचा मळ आहे. बेअरिंगच्या गोळ्या तपासण्यात माझी हयात गेली. कारखान्यात मला पाठीमागे 'नापास' म्हणत. शेवटच्या वर्षी तोंडावरही म्हणू लागले होते.

हिची सकाळची परीक्षा: वीसपैकी सोळा. तीन महिन्यांपूर्वी हिच्या मेंदूत रक्ताची एक बारीक गुठळी अडकली. तेव्हापासून शब्द हरवतात आणि उजवा हात थोडा कच्चा आहे. डॉक्टर म्हणाले, शब्द परत येतील, त्यांना बोलतं ठेवा. बोलतं ठेवलं हे मोजायचं कसं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. म्हणून मी ट्रे काढला. ट्रेमध्ये घरातल्या वीस वस्तू. रोज सकाळी आठ वाजता एकेक उचलून दाखवायची, हिने नाव सांगायचं, मी नोंदवहीत आकडा लिहायचा. दर रविवारी आकडे कन्येला कळवायचे. आज गाळणी, चिमटा, बूच आणि टाचणी आली नाही.

मंगळवार, ता. ४

पट्ट्यावर वस्तरा कसा फिरवायचा हे मला कुणी सांगायची गरज नाही, असं मला सकाळी वाटत होतं. पट्टा गॅलरीतल्या खिळ्याला अडकवला, ताणून धरला, धार पुढे करून वस्तरा जोरात ओढला. आतून ही ओरडली, "उलटं! उलटं!"

मी धावत आत गेलो. सगळं जागच्या जागी सुलट होतं. ही खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती. नोंद केली: 'सकाळी १०.२०, अकारण ओरडली.' परत येऊन पाहतो तर पट्ट्याला टीचभर चीर. वस्तऱ्याची पाठ पुढे आणि धार मागे ठेवायची असते, हे दुपारी मोबाइलवरच्या एका व्हिडिओने मला सांगितलं.

सासऱ्यांनी जन्मभर जपलेला पट्टा मी चार सेकंदांत चिरला. हिला सांगितलेलं नाही. चीर खाली जाईल असा उलटा टांगून ठेवला आहे. परीक्षा: सोळा.

गुरुवार, ता. ६

दगडावर घासणं सोपं आहे. दगड ओला करायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकतील असा वस्तरा आडवा ठेवायचा आणि न्यायचा-आणायचा. अवघड आहे ते धार आली का हे ठरवणं. त्यासाठी तीन कसोट्या नक्की केल्या. एक, अंगठ्याच्या नखावर धार टेकवून हलकेच ओढायची. घसरली तर बोथट, रुतली तर चांगली. दोन, हातावरचे केस उडतात का ते बघायचं. तीन, एक सुटा केस धारेवर सोडायचा. तुटून पडला तर पैकीच्या पैकी. दर दहा घासण्यांनंतर पहिल्या दोन कसोट्या घ्यायच्या. आज शंभर घासण्या झाल्या, म्हणजे वीस कसोट्या. डाव्या मनगटापासून वर चार बोटं एकही केस उरलेला नाही. शेजारीणबाईंनी काळजीने विचारलं, त्वचेला काही झालंय का.

मधे ही गॅलरीच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे मिटले आणि म्हणाली, "रडतोय."

"कोण गं?" मी विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, शब्द सापडला नसावा, आत निघून गेली. मी कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. रस्त्यावर कुणीही रडत नव्हतं. नोंद: 'नसलेले आवाज ऐकू येतात?' परीक्षा: पंधरा.

रविवार, ता. ९

कन्येला आठवड्याचे आकडे सांगितले. सोळा, सोळा, पंधरा, पंधरा, चौदा, तेरा, तेरा. 

"बाबा, हे वाढायला हवेत ना?"

"हवेत," मी म्हणालो.

"असंच चाललं तर मी आईला इकडे घेऊन येते. इथल्या दवाखान्यात रोज बोलण्याचे उपचार होतात."

इकडे म्हणजे दहा तासांचा प्रवास. किती दिवस, विचारलं. बरी होईपर्यंत. आणि मी? "तुम्ही अधूनमधून यायचं. माझं घर दोन खोल्यांचं आहे, बाबा." मी म्हणालो, बरोबर आहे. फोन ठेवला आणि फोनकडेच बघत बसलो. हिने जाऊ नये असं मला वाटतं. फार वाटतं. हे इथे लिहितो, कारण नोंदवहीत त्यासाठी रकाना नाही.

दुपारी शेजारीणबाई येऊन पाऊण तास बसल्या. आतून हसण्याचे आवाज येत होते. वस्तऱ्याची धार बघताना माझी जीभ बाहेर येते म्हणे, हिने त्याची नक्कल करून दाखवली. मी शब्द मोजायला आत गेलो तर दोघी गप्प झाल्या. त्यामुळे ते धरलेले नाहीत.

बुधवार, ता. १२

तिसऱ्या कसोटीला केस लागतो. माझ्या डोक्यावर आहेत ते इतके मोजके आहेत की त्यातला एकही खर्च करवत नाही. हिच्या फणीतला मागितला.

"केस माझा," ही म्हणाली. "वस्तरा माझ्या बाबांचा. आणि..." शब्द शोधायला थांबली. "मार्क तुमचे."

वाक्य चांगलं होतं, पण परीक्षेची वेळ संपली होती.

केस धारेवर सोडला. तो वाकला, जरा विचार केल्यासारखा थांबला आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरला. दुसरा तसाच, तिसरा तसाच. अकरा केस झाले, एकही तुटला नाही. नवव्या केसाला ही म्हणाली, "अहो, टक्कल पडेल मला." मी तिला गप्प बसायला सांगितलं, कारण श्वासाने केस हलत होता. हे डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या नेमकं विरुद्ध झालं, ते आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

सकाळच्या परीक्षेत बारा. कात्रीला 'पंखा' म्हणाली. चमच्याला 'मामा'. चेहरा अगदी गंभीर होता.

शनिवार, ता. १५

दहा. आज साबणाला 'तुमची आत्या' म्हणाली.

"नीट बघ," मी म्हणालो. "माझी आत्या आहे का ही?"

"नीट बघितली," ती म्हणाली. "आत्याच."

शेजारीणबाई वाटी परत द्यायला दारात उभ्या होत्या. त्यांना एकदम खोकल्याची उबळ आली आणि त्या वाटी तशीच घेऊन परत गेल्या. वस्तू आणि नातेवाईक एकमेकांत मिसळू लागले आहेत. मी रविवारची वाट न बघता कन्येला कळवलं. ती म्हणाली, तीस तारखेला येते, आईचं सामान भरून ठेवा.

वस्तऱ्याचीही प्रगती नाही. सकाळी केस काढतो, दुपारी काढत नाही. दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा हे ओळखू येणार नाही. आणि दोन्हीकडे मेहनतीत मी काडीचीही कसर ठेवलेली नाही.

सोमवार, ता. १७

शेवटी हात टेकले आणि वस्तरा, पट्टा पिशवीत घालून बाजारातल्या सलूनमध्ये गेलो. सलून चालवणारा वापरून फेकायच्या पात्यांवर काम करतो. त्याचे वडील, म्हातारे कारागीर, कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले असतात. त्यांनी वस्तरा उघडला, उजेडात तिरपा धरला आणि म्हणाले, "धार दिसतेय."

मी सुखावलो.

"दिसतेय म्हणजे नाही," ते म्हणाले. "खरी धार डोळ्याला दिसत नाही. चमकते ती बोथट कड. अंगठा बघू."

अंगठा दाखवला. नखावर आडव्या-उभ्या इतक्या रेघा होत्या की त्यांनी चष्मा लावला.

"दिवसातून किती वेळा बघता?"

"वीस-पंचवीस."

"दगडावर लावता आणि नखावर उतरवता. मग ती राहील कुठे? एकदा ओढली की थोडी गेलीच."

"मग धार आली हे कळणार कसं?"

"दाढी करायची."

"आणि आली नसली तर?"

"गाल सांगेल. आणि हात हलका ठेवा. वस्तऱ्याचं वजन त्याचं त्याला पुरे आहे. दाबलंत की रडतो तो. ऐकू येत नाही का?"

हा 'रडतो' शब्द कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला, पण आठवेना. पट्ट्यावरची चीर बघून त्यांनी कपाळाला हात लावला. मग मूठ उलटसुलट केली आणि म्हणाले, "हा वस्तरा मी ओळखतो. ह्याच्या मालकांची मुलगी शाळा सुटली की गल्ल्यामागे येऊन बसायची. पट्ट्याच्या आवाजावरून सांगायची, बाबा, ह्याची धार उतरली."

"ती माझी बायको," मी म्हणालो.

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

मी सगळी हकीकत सांगितली. तिचे शब्द गेले आहेत म्हणालो. "शब्द गेले," ते म्हणाले. "कान गेलेत का?" माणूस जुन्या वळणाचा आहे, त्याला ह्या आजाराचं काय कळणार. धारेबद्दलचं वाक्य मात्र मोलाचं वाटलं म्हणून इथे नीट उतरवून ठेवतो आणि खाली रेघ मारतो. दगडावर लावता आणि नखावर उतरवता.

बुधवार, ता. १९

वस्तऱ्याच्या कसोट्या बंद. दोन दिवस नुसतं घासतो आहे, हलक्या हाताने. अंगठ्याला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

त्यामुळे हिच्याकडे लक्ष द्यायला अधिक वेळ मिळतो. ट्रेमधल्या वस्तू चाळीस केल्या आणि संध्याकाळचीही परीक्षा सुरू केली.

"संध्याकाळी पण?" ही म्हणाली.

"तुझ्याच भल्यासाठी," मी म्हणालो.

चाळीसपैकी तेरा.

शुक्रवार, ता. २१

आज मी चाळीसपैकी एकतीस लिहिलं. पेन्सिलने. ती इथेच राहील एवढे एकतीस. मग खोडलं.

चौतीस वर्षांत एकही खोटा आकडा लिहिला नाही. एकदा खुद्द मॅनेजर केबिनमधून उठून माझ्या टेबलापाशी आले होते, दोन पेट्या गोळ्या पास करा म्हणून. केल्या नाहीत. आज कुणी विनंती करायला आलं नव्हतं, माझा मीच होतो, आणि मी जवळजवळ पास करून टाकलं. खरा आकडा अकरा. लिहिला. कागदावर पेन्सिलीच्या खुणा राहिल्या आहेत.

मी रबर फिरवत होतो तेव्हा ही मागे उभी होती, हे मला उशिरा कळलं. जेवताना मी न मागता मला दुसऱ्यांदा वाढलं. असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

रविवार, ता. २३

पहिली दाढी. उजव्या गालावर वस्तरा टेकवला आणि खाली आणला. चालतोय हे कळलंच नाही, फक्त फेस गेला आणि मागे गाल राहिला. मी आरशात स्वतःकडे बघून मान डोलावली. धार आली! नखाला न विचारता आली.

मग डावी बाजू. डाव्या जबड्याखाली पोचायचं तर उजवा हात खांद्यातून वर न्यावा लागतो, आणि माझा उजवा खांदा गेल्या वर्षापासून आखडलेला आहे. महिनाभराच्या माझ्या काटेकोर नियोजनात ही एवढी बाब राहून गेली होती. कोपर दारावर टेकवून पाहिलं, पलंगावर आडवं होऊन पाहिलं. दोन ठिकाणी कापलं. तोंडावर अर्धा फेस, अर्धं रक्त अशा अवस्थेत बाहेर आलो.

ही आधी घाबरली, मग हसायला लागली, इतकी की दाराची चौकट धरून उभी राहिली. कापसाचा बोळा आणून माझ्या हनुवटीखाली दाबून धरला. "धार चांगली लागलीय," म्हणाली. "हात..." आणि पुढचं गिळलं. कापूस धरलेला तिचा उजवा हात स्थिर होता. पण तिची पकड मी ओला फडका पिळायला लावून तपासतो, आणि कापूस धरणं त्या चाचणीत बसत नाही. वहीत पकड दहापैकी सहा आहे, ती तशीच ठेवली. उरलेली दाढी रोजच्या मशिनने केली.

बुधवार, ता. २६

सकाळी दूध आणायला खाली गेलो होतो. वर आलो तर गॅलरीतून आवाज येत होता. माझ्या हातून पट्ट्याचा येतो तो खर्र खर्र असा, खुर्ची सरकवल्यासारखा. हा तसा नव्हता. मऊ, सलग, एका लयीत.

ही उभी होती. डाव्या हाताने पट्टा ताणलेला, उजव्या हातात वस्तरा. वस्तरा चिरेच्या वरूनच वळत होता, म्हणजे चीर तिला माहीत होती. टोकाला पोचला की पाठीवर उलटायचा आणि परत निघायचा. डोळे मिटलेले होते. चेहरा मी तीन महिन्यांत पाहिला नव्हता असा होता.

अशा वेळी शहाण्या माणसाने दुधाची पिशवी हातात धरून ऐकत उभं राहावं. मी ओरडलो, "ठेव! ठेव तो! लागेल!"

तिने वस्तरा मिटला, टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

आठची परीक्षा: शून्य. पंखा नाही, मामा नाही, आत्या नाही. ट्रेकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. कन्येला लगेच कळवलं.

शुक्रवार, ता. २८

काल दिवसभर आणि आज दुपारपर्यंत ही माझ्याशी बोलली नाही. ट्रे मी काढला नाही. तेवढी हिंमत नव्हती. दुपारी तिची बॅग भरायला बसलो. छत्तीस वर्षं एका घरात राहून तिचे रोजचे कपडे कुठले आणि ठेवणीतले कुठले हे मला सांगता येईना. चार गाऊन आत घातले तेव्हा मागून आवाज आला.

"ते नको. ते ढगळ होतं."

मी वळलो. "तुला जायचंय का?" विचारलं. गेल्या महिन्याभरात मी तिला शेकड्याने प्रश्न विचारले. उत्तर मला आधीच माहीत नव्हतं असा हा पहिलाच.

ती पलंगावर बसली. बोलायला वेळ लागला. मी घड्याळ पाहिलं नाही, हे माझ्या बाजूने नोंदवतो.

"तुम्ही ट्रे घेऊन येता. हातात पेन. तोंड असं होतं तुमचं." तिने माझं तोंड करून दाखवलं. हुबेहूब होतं, बघवेना. "मग जातं सगळं. चमचा असतो समोर. मला माहीत असतं. आणि जातं."

"मग तो पंखा? आत्या?"

"ते रागाने. निम्मे रागाने. निम्मे खरेच गेले."

"कुठले रागाने आणि कुठले खरे?" आणि मी नोंदवही आणायला उठलो. खरोखर उठलो.

"बसा," ती म्हणाली.

बसलो. मग तिने थांबत थांबत सांगितलं. सासऱ्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांची दाढी ही करायची. ह्याच वस्तऱ्याने, दर मंगळवारी, शेवटची दोन वर्षं. "तुम्ही कामावर असायचात. कधी विचारलं नाहीत." आणि मग, "त्या दिवशी वस्तरा रडत होता. तुम्ही दाबत होतात."

म्हाताऱ्या कारागिरांचं वाक्य मी सतरा तारखेला इथे नीट उतरवलं होतं, खाली रेघ मारली होती. ते वाचून समजायला मला अकरा दिवस लागले. महिनाभर मी बायकोला रोज सकाळी नखावर ओढत होतो, आणि धार कमी झाली म्हणून तिच्यावर दिवसातून दोनदा ओढायला लागलो होतो. मला माझी लाज वाटली. तिला तसं म्हणालोही. ती म्हणाली, "वाटू दे."

तेवढ्यात माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलंय हे तिच्याच लक्षात आलं. "नाही," ती म्हणाली. "नाही जायचं."

पण कन्येला काय सांगू? ती विचारेल, बाबा, शून्य आहे ना? शून्यच आहे. मीच कळवलं, त्याच दिवशी, तत्परतेने.

रविवार, ता. ३०

कन्या दहाला पोचणार होती. साडेनऊला मी आरशासमोर फेस लावून बसलो. वस्तऱ्याने दाढी करायची असं महिन्याच्या सुरुवातीला लिहून ठेवलं होतं, आणि निदान एक गोष्ट तरी लिहिल्याप्रमाणे व्हावी असं वाटत होतं. उजवा गाल झाला. डाव्या बाजूला खांद्याने पुन्हा नकार दिला.

ही मागे येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. उजवा हात. दहापैकी सहा.

मी वस्तरा लगेच दिला असं लिहायला मला आवडलं असतं. मी आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग पात्याकडे, मग आरशात माझ्या गळ्याकडे. मग दिला.

तिने तो पट्ट्यावर दहा-बारा वेळा फिरवला. डाव्या हाताने माझी कातडी ताणून धरली. "मान वर. तिकडे नाही, इकडे. गिळू नका. हलू नका, नापास." हे नाव घरापर्यंत पोचलं होतं हे मला आजच कळलं. सवयीने मी तिचे शब्द मोजत होतो. मग वस्तरा गळ्याच्या घाटीवर आला आणि मोजणं थांबलं. मला भीती वाटत होती, पायाची बोटं आवळली होती. तरी तिथून उठावंसं एकदाही वाटलं नाही.

कन्येकडे किल्ली आहे. ती आत आली ते बॅगेसकट दारातच थिजली.

"आई! काय करतेस?"

"दिसत नाही?" ही म्हणाली. हात थांबला नाही.

"बाबा, तुम्ही तरी..."

बाबा बोलण्याच्या परिस्थितीत नव्हते. कन्येने बॅग खाली ठेवली, अगदी हळू.

"आई, दुपारच्या गाडीने निघायचंय ना आपल्याला?"

"डावी बाजू राहिलीय अजून," ही म्हणाली.

कन्या स्टुलावर बसली आणि डावी बाजू संपेपर्यंत उठली नाही. हिने ओल्या फडक्याने माझं तोंड पुसलं, बोटांच्या पाठीने गाल पाहिला. कानाखाली एक बारीक ओरखडा होता. "हा माझा," ती म्हणाली. "शेवटी हात थकला."

मग मी कन्येला ट्रेबद्दल सगळं सांगितलं, काहीही न वगळता. तिने नोंदवही उघडली. "साबणाला आत्या?" ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "आणि मी ह्या आकड्यांवर सुट्टी काढून आले!" आईला तिने स्वतः विचारलं, बराच वेळ, मी बाहेर असताना. ठरलं ते असं: उपचार इथल्याच दवाखान्यात, आठवड्यातून दोनदा, आणि बाबांनी खोलीबाहेर बसायचं.

संध्याकाळच्या गाडीने कन्या परत गेली. आईऐवजी नोंदवही घेऊन गेली. ट्रेही नेणार होती, पण तो हिने काढून घेतला. कप ठेवायला लागतो म्हणाली.

सोमवार, ता. ३१

आठ वाजता सवयीने उठून उभा राहिलो. हातात काही नव्हतं, म्हणून पुन्हा बसलो.

वस्तरा गॅलरीतल्या टेबलावर होता. कालच्या दाढीनंतर धार कितपत राहिली ते बघावं म्हणून अंगठा आपोआप पुढे गेला. मी तो मुठीत धरला.

ही पट्टा घेऊन बाहेर आली. फेसाचा वाडगा टेबलावर ठेवला.

"बसा," म्हणाली. "आज मंगळवार."

आज सोमवार आहे. वर मीच लिहिलं आहे. कालच्या दाढीचे खुंटही अजून धड वर आले नव्हते. तिचा वार चुकला, की ती मला चिडवत होती, चेहऱ्यावरून काही कळेना. विचारलं असतं तर कळलं असतं.

मी खुर्ची ओढून बसलो आणि मान वर केली.